कोळसा काय धरतो, काय सोडतो

बांगलादेशातल्या नळकूपांच्या पाण्यात आर्सेनिक आहे आणि ते लाखो लोकांच्या पोटात जाते आहे, हे १९९०च्या दशकात जगासमोर आले. मग खेड्यात, विजेविना चालतील अशी गाळणी शोधण्याची धडपड सुरू झाली. त्यातली एक युक्ती म्हणजे तीन कळश्यांची उतरंड. वरच्या कळशीत लोखंडाचा कीस आणि वाळू, मधल्या कळशीत वाळू, विटांचे तुकडे आणि लाकडी कोळसा, खालच्या कळशीत गाळलेले पाणी. याच कल्पनेतून पुढे ‘सोनो’ ही गाळणी तयार झाली. तिचे जनक अबुल हुस्साम मूळचे बांगलादेशचे, अमेरिकेत जॉर्ज मेसन विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. २००७ साली त्यांना दहा लाख डॉलरचे ग्रेंजर पारितोषिक मिळाले. या गाळणीचे चित्र पाहिले की काळा थर डोळ्यांत भरतो आणि विष धरले ते या कोळशानेच, असे वाटते. प्रत्यक्षात आर्सेनिक धरते ते गंजत जाणारे लोखंड. कोळसा पाण्यातले सेंद्रिय पदार्थ, वास, रंग टिपतो. त्याचे काम महत्त्वाचे आहे, पण वेगळे आहे.

बायोचारवरच्या उत्साही लिखाणात नेमका हाच फरक निसटतो. ‘जड धातू’ नावाचा एकच गठ्ठा आहे आणि कोळसा तो उचलून बाजूला ठेवतो, अशी समजूत त्यातून होते. शिसे आणि आर्सेनिक यांचे पाण्यातले वागणे जवळजवळ एकमेकांच्या उलट असते. पाऱ्याची तऱ्हा तिसरीच. क्रोमियमची तर दोन रूपे, एक जहाल आणि एक बरेचसे निरुपद्रवी. (आर्सेनिक काटेकोरपणे पाहिले तर धातू नव्हे, उपधातू, पण विषांच्या यादीत तो जड धातूंच्याच रांगेत उभा असतो.) यांतल्या काहींशी लाकडी कोळशाचे चांगले जमते, काहींशी मुळीच जमत नाही, आणि एक-दोघांना तर तो स्वस्थ बसलेल्या जागेवरून उठवतो. तेव्हा ‘बायोचारने किती टक्के धातू निघतो’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणता धातू, कोणते लाकूड, किती आच, पाणी की माती, आणि धरल्यानंतर पुढे काय, हे विचारल्याशिवाय टक्केवारीला अर्थ येत नाही.

बायोचार म्हणजे काय, हे थोडक्यात. आपला लोणारी कोळसाच तो. पण चुलीत, तंदुरात किंवा इस्त्रीत न घालता मातीत किंवा पाण्यात घालण्यासाठी केलेला. लाकूड, काड्या, टरफले, शेण असे काहीही हवा कोंडून ३०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की वाफ, धूर, डांबर निघून जाते आणि कार्बनचा सांगाडा उरतो. कोळशाचा हा गुण नवा नाही. कार्ल शेले यांनी १७७३ साली कोळसा वायू धरून ठेवतो हे नोंदवले, टोबियास लोविट्झ यांनी १७८५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये तो द्रावणाचा रंग काढतो हे दाखवले. पहिल्या महायुद्धात निकोलाय झेलिन्स्की या रशियन रसायनज्ञाने विषारी वायूपासून बचावाच्या मुखवट्यात बर्च लाकडाचा सक्रिय केलेला कोळसा भरला. नव्या कुतूहलाचे निमित्त मात्र ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. तिथल्या ‘टेरा प्रेटा’ या काळ्या, सुपीक मातीत शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसांनी मिसळलेला कोळसा अजून टिकून आहे. त्यावरून जमिनीची सुपीकता, कार्बनची साठवण आणि प्रदूषण असे तीन वेगवेगळे प्रवाह निघाले. योहानेस लेमान आणि स्टीफन जोसेफ यांनी २००९ साली संपादित केलेल्या जाड ग्रंथात हे तिन्ही एकत्र आले. त्यानंतर निबंधांचा पूर आला.

कोळसा स्पंजासारखा धातू शोषतो, असे सर्रास लिहिले जाते. ही तुलना दिशाभूल करते. स्पंजाचे सामर्थ्य त्याच्या पोकळ्यांत असते. कोळशाच्या पोकळ्या कीटकनाशकांचे, रंगांचे, वासाचे मोठे सेंद्रिय रेणू धरायला उत्तम; पण पाण्यात विरघळलेले शिसे म्हणजे विद्युतभार असलेला एक छोटा आयन. त्याला पोकळीशी फारसे कर्तव्य नसते. पोकळीच्या भिंतीवर कोणते रासायनिक गट लटकलेले आहेत, हे त्याच्यासाठी ठरते. भिंतीवर कार्बोक्झिल किंवा फिनॉलसारखे ऑक्सिजनयुक्त गट असतील तर शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त हे धनभारित आयन तिथे अडकतात. कधी ते कोळशातल्या कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियमला हुसकावून त्यांची जागा घेतात. कधी कोळशातल्या राखेमुळे पाण्याचा सामू वाढतो आणि धातू कार्बोनेट, फॉस्फेट किंवा हायड्रॉक्साइडच्या रूपात साक्याप्रमाणे खाली बसतो. आणि कधी कोळसा इलेक्ट्रॉन देऊन धातूचे रूपच बदलून टाकतो. चारही वाटा एकाच कोळशात एकाच वेळी चालू असू शकतात. कोणती वाट किती चालते, हे कच्च्या मालावर आणि आचेवर अवलंबून राहते.

इथेच लाकडाची खरी बाजू कळते, आणि ती लाकडाला फारशी अनुकूल नाही. लाकडी कोळशात कार्बन भरपूर, राख अगदी थोडी. शेणाच्या कोळशात राख भरपूर, त्यात फॉस्फरस भरपूर. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली दुभत्या जनावरांच्या शेणाचा कोळसा तपासला. त्याने धरलेल्या शिशापैकी सुमारे ८५ टक्के शिसे फॉस्फेट आणि कार्बोनेट यांच्याशी संयोग होऊन घन रूपात बसले होते. पृष्ठभागाला चिकटलेले उरलेसुरले. लाकडाकडे हे फॉस्फेटचे भांडवल नसते. केवळ शिसे धरण्याच्या शर्यतीत सागवानाचा कोळसा गोठ्यातल्या कोळशापुढे मागे पडेल, हे मान्य करूनच पुढे जावे.

पण लाकूड म्हणजेही एकच वस्तू नाही. दिनेश मोहन (आज जवाहरलाल नेहरू विद्यापीठात) आणि मिसिसिपी स्टेट विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी २००७ साली ओक आणि पाइन यांचे लाकूड आणि त्यांची साल, असे चार कोळसे ४०० ते ४५० अंशांवर तयार करून आर्सेनिक, कॅडमियम आणि शिसे यांवर तपासले. चौघांत सरस ठरली ती ओकची साल. तिचे पृष्ठफळ ग्रॅमला अवघे २५ चौरस मीटर. तुलनेसाठी घेतलेल्या बाजारी सक्रिय कार्बनचे पृष्ठफळ हजाराच्या आसपास. तरीही शिसे आणि कॅडमियमच्या बाबतीत सालीचा कोळसा त्याच्या जवळपास पोचला. या विषयातला माझा आवडता निष्कर्ष हाच. पृष्ठफळाचा मोठा आकडा छापून जो माल विकला जातो, त्याच्याकडे धातूंच्या बाबतीत संशयानेच पाहावे. साल सरस ठरते याचेही नवल वाटायला नको. झाडाची बहुतेक खनिजे गाभ्यात नसतात, सालीत असतात. आपल्याकडच्या लाकूड वखारींच्या मागे पडलेला सालपटांचा ढीग, जो कुणाला नको असतो, तो या कामाला फळ्यांच्या तुकड्यांपेक्षा बरा.

मग लाकूड घ्यायचेच कशाला? कारणे आहेत, आणि ती रसायनशास्त्रापेक्षा गवंडीकामाची जास्त आहेत. लाकडाचा कोळसा टणक असतो, पाण्याच्या प्रवाहात त्याचा भुगा होत नाही, गाळणीचा थर तुंबत नाही. झाडाच्या रसवाहिन्यांची नळ्यांची रचना त्यात तशीच राहते, त्यामुळे पाणी आतपर्यंत जाते. त्यात क्षार कमी, त्यामुळे मातीत घातला तर जमीन खारवत नाही. कोंबडीखताच्या कोळशाबद्दल असे म्हणता येत नाही. आणि तो मातीत फार काळ टिकतो. म्हणून अलीकडे लाकडी कोळसा स्वतः धातू धरणारा म्हणून कमी आणि दुसऱ्या कुणाला तरी आधार देणारा म्हणून जास्त वापरला जातो. त्याच्यावर लोखंडाचे, मँगनीजचे, मॅग्नेशियमचे ऑक्साइड बसवतात. पाइनच्या लाकडात हेमटाइटची भुकटी मिसळून भाजले की आर्सेनिक धरणारा आणि चुंबकाने उचलता येणारा कोळसा मिळतो.

आचेचा हिशेब थोडा चकवणारा आहे. ३०० ते ४०० अंशांच्या मंद आचेवर भाजलेल्या लाकडात ऑक्सिजनयुक्त गट शिल्लक राहतात. त्यामुळे आयन अडकायला जागा असते, पण पोकळ्या पुरत्या उघडलेल्या नसतात. ६०० ते ७०० अंशांवर हे गट जळून जातात, पोकळ्या उघडतात, राखेचे प्रमाण आणि सामू दोन्ही वाढतात. म्हणजे कमी आचेचा कोळसा आयन अडकवून काम करतो, जास्त आचेचा सामू वाढवून. दुसऱ्या प्रकारचे काम लवकर दिसते आणि लवकर ओसरते, कारण राखेचा अल्कलीपणा पावसाने धुऊन जातो. विक्रेता आच सांगत नसेल तर त्याचा कोळसा कशासाठी घ्यायचा हे ठरवताच येत नाही.

आता प्रयोगशाळेतल्या आकड्यांबद्दल. ओकच्या सालीने द्रावणातले जवळजवळ सगळे शिसे काढले, हे खरे. पण त्या द्रावणात शिसे होते लिटरला सुमारे १०० मिलिग्रॅम, आणि एका लिटरला कोळसा घातला होता १० ग्रॅम. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे प्रयोगातले पाणी त्या मर्यादेच्या दहा हजारपट. कॅडमियमची मर्यादा तर ०.००३ मिलिग्रॅम. शंभरावरून एकवर आणणे ही ९९ टक्के सफाई. पण ते एक मिलिग्रॅम मर्यादेच्या शंभरपटच राहते. या संशोधकांचा काही दोष नाही. धारणक्षमता मोजायची तर सांद्र द्रावणच घ्यावे लागते. दोष आहे तो तो आकडा उचलून घरगुती गाळणीच्या जाहिरातीत टाकणाऱ्यांचा.

शिवाय प्रयोगाचे पाणी बहुधा ऊर्ध्वपातित असते. विहिरीचे पाणी तसे नसते. महाराष्ट्रात बेसाल्टच्या खडकातून बोअरवेलचे जे पाणी येते, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लिटरला दहा-दहा, कधी शंभर मिलिग्रॅमने असतात. शिशाचे काही मायक्रोग्रॅम आणि कॅल्शियमचे हे लोंढे एकाच जागेसाठी भांडतात. शिसे कोळशाला जास्त घट्ट धरते म्हणून ते पुष्कळदा जिंकते. कॅडमियम आणि जस्त मात्र मागे पडतात. जिथे जस्त फार असते आणि पाणी मऊ, तिथे लाकडी कोळसा चांगली कामगिरी करतो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यांवरून वाहणारे पावसाचे पाणी आणि बोटींच्या तळाच्या रंगातून सुटणारे तांबे रोखण्यासाठी तिथल्या बंदरांनी बायोचारचे थर वापरले आहेत. पावसाचे पाणी मऊ, धातू एक-दोनच, आणि पाणी पिण्याचे नाही: लाकडी कोळशाला जमणारे काम साधारण असे असते.

पाऱ्याचा किस्सा वेगळा. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात वेनेस्बरो गावी कृत्रिम धाग्याच्या कारखान्यात १९२९ ते १९५० या काळात पारा उत्प्रेरक म्हणून वापरला जाई. तो साउथ नदीत उतरला आणि काठच्या मातीत, माशांत अजूनही सापडतो. या प्रदूषणावर काम करणाऱ्या कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या गटाने छत्तीस प्रकारचे बायोचार पाऱ्याच्या द्रावणात तपासले आणि क्ष-किरणांनी पारा नेमका कशाला चिकटला आहे ते पाहिले. गंधक असलेल्या कोळशात पारा गंधकाला जाऊन भिडला होता. लाकडात गंधक अल्प. तिथे तो ऑक्सिजन आणि क्लोरीनला बिलगला होता, आणि ही पकड गंधकाएवढी भक्कम नसते. चिखलात, प्राणवायू नसलेल्या जागी काही जिवाणू पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात आणि तेच माशांत साठते. म्हणून पारा किती निघाला, यापेक्षा तो जिवाणूंच्या हाती लागेल का, हे बघावे लागते.

क्रोमियमच्या बाबतीत मात्र लाकडी कोळशाची बाजू जमेची आहे. ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यात क्रोमाइटच्या खाणी आहेत, तमिळनाडूत राणिपेट आणि उत्तर प्रदेशात कानपूर येथे चामड्याचे कारखाने. या भागांत पाण्यात षट्संयुजी क्रोमियम उतरते, ते कर्करोगकारक असते आणि पाण्याबरोबर दूर जाते. कोळशातले फिनॉलचे गट त्याला इलेक्ट्रॉन देतात आणि ते त्रिसंयुजी होते. हे रूप कमी विषारी, कमी चंचल, कोळशाला चिकटणारे. निलगिरीसारख्या झाडांच्या सालीचा कोळसा यासाठी भारतात तपासला गेला आहे. अडचण अशी की हे रूपांतर आम्लयुक्त पाण्यात, सामू २ च्या आसपास झपाट्याने होते. सामान्य नदीनाल्याच्या सामूवर ते फार रेंगाळते. कारखान्याच्या टाकीत आम्ल घालून नंतर चुन्याने पाणी उदासीन करता येईल. नदीत तसे करता येणार नाही.

मातीत तर ‘काढणे’ होतच नाही. कोळसा मातीत मिसळला तरी धातूचा प्रत्येक कण त्याच शेतात राहतो. फरक पडतो तो मुळांना आणि झिरपणाऱ्या पाण्याला किती मिळतो त्यात. खरोखर काढायचे तर माती खणून धुवावी लागते. कोडाईकनालला २००१ साली बंद पडलेल्या थर्मामीटरच्या कारखान्याच्या पाऱ्याने दूषित आवाराबाबत तसे करायचे ठरले. किलोला किती मिलिग्रॅम पारा उरलेला चालेल यावरून वर्षानुवर्षे न्यायालयीन वाद झाला. तो खर्च एका आवारापुरता झेपतो. हजारो हेक्टर भातखाचरांना झेपत नाही, आणि म्हणूनच ‘धरून ठेवण्या’ला महत्त्व येते.

धरून ठेवण्यातले धोके लूक बीसली यांच्या इंग्लंडमधल्या २०१० च्या प्रयोगात स्वच्छ दिसले. अनेक धातूंनी प्रदूषित झालेल्या मातीत त्यांनी कठीण लाकडाचा बायोचार मिसळला. मातीच्या पोकळ्यांतल्या पाण्यातले कॅडमियम आणि जस्त लक्षणीय घटले. त्याच पाण्यात तांबे आणि आर्सेनिक तीसपटीहून अधिक वाढले. कारण उघड होते. कोळशाने सामू वाढवला, विरघळलेले सेंद्रिय पदार्थ वाढवले; तांबे त्या सेंद्रिय रेणूंना बिलगून सुटे झाले, आणि ऋणभारित आर्सेनिक वाढलेल्या सामूमुळे मातीतल्या लोहकणांवरून निसटले. पुढच्याच वर्षी बीसली आणि मार्मिरोली यांनी प्रदूषित मातीतून आलेले पाणी कोळशाच्या स्तंभातून सोडले, तेव्हा कॅडमियम ३०० पटीने आणि जस्त ४५ पटीने घटले. दोन्ही निबंध एकाच संशोधकाचे, दोन्ही खरे. दुसराच वारंवार उद्धृत झालेला मी पाहतो, आणि त्याचे आश्चर्य वाटत नाही.

फ्रान्समध्ये पाँजिबो येथे चांदी-शिशाची जुनी खाण आहे. तिच्या ढिगाऱ्यात शिसे आणि आर्सेनिक दोन्ही भरपूर, वर काहीही उगवत नाही. ऑर्लेआँ विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या मातीत लाकडी बायोचार मिसळून विलो लावून पाहिले. सामू वाढला, पाण्यातले शिसे घटले, झाडे तगली. आर्सेनिक बधले नाही. पुढे त्यांनी कोळशाबरोबर लोखंड आणि कंपोस्ट दिले. आर्सेनिकला लोखंडच लागते, हे सुरुवातीच्या कळश्यांची उतरंड रचणाऱ्यांना मुळातच उमगले होते.

शेतातल्या प्रयोगांचे सर्वांत भक्कम काम चीनचे आहे, कारण गरजही तिथेच सर्वांत मोठी. २०१४ साली चीन सरकारने जाहीर केलेल्या माती-पाहणीत देशभरातल्या नमुन्यांपैकी १६.१ टक्के नमुने मर्यादेबाहेर होते, एकट्या कॅडमियमचे ७ टक्के. त्याआधीच्याच वर्षी ग्वांगचौमध्ये ‘कॅडमियमचा तांदूळ’ विकला जात असल्याचे उघड होऊन गदारोळ झाला होता. नानजिंग कृषी विद्यापीठाच्या गटाने च्यांग्सू प्रांतातल्या प्रदूषित खाचरात हेक्टरी १०, २० आणि ४० टन बायोचार टाकून तांदळातले कॅडमियम मोजले. ४० टनांच्या तुकड्यात ते २००९ साली सुमारे ४५ टक्क्यांनी आणि २०१० साली सुमारे ६२ टक्क्यांनी कमी भरले. हा कोळसा गव्हाच्या काडाचा होता, लाकडाचा नव्हे. पण शेतात, पावसात, शेतकऱ्याच्या हातून काय घडते, याचा अंदाज त्यावरून येतो. २०१८ साली ७४ निबंधांतल्या तेराशेच्या घरातल्या नोंदी एकत्र करून काढलेली सरासरी अधिक विनम्र आहे. बायोचार घातल्याने पिकांतले कॅडमियम ३८ टक्के, शिसे ३९ टक्के, तांबे २५ टक्के आणि जस्त अवघे १७ टक्के घटते. मर्यादेच्या दीडपट कॅडमियम असलेला तांदूळ एवढ्या घटीने खाण्याजोगा होतो. पाचपट असलेला होत नाही. त्या शेतात भात न लावता ताग किंवा कापूस घेणे अधिक शहाणपणाचे.

काळाचा प्रश्न शिल्लक राहतो. कोळसा मातीत शतके टिकतो हे खरे. त्याची पकड तेवढीच टिकते का? एका बाजूने, हवा आणि जिवाणू यांच्यामुळे त्याच्या पृष्ठभागाचे हळूहळू ऑक्सिडीकरण होते, नवे कार्बोक्झिल गट तयार होतात आणि आयन धरण्याची ताकद वाढते. टेरा प्रेटाच्या सुपीकतेचे एक कारण हेच. दुसऱ्या बाजूने, राखेचा अल्कलीपणा संपतो, युरियासारख्या खतांनी माती पुन्हा आम्ल होते, आणि सामूच्या भरवशावर खाली बसलेले कॅडमियम पुन्हा विरघळू लागते. दोन्ही गोष्टी एकाच शेतात घडतात. म्हणून दोन-तीन हंगामांनी माती आणि धान्य पुन्हा तपासण्याची तरतूद नसलेला कोणताही प्रकल्प अर्धवटच म्हणावा.

पाण्याच्या गाळणीतून निघालेल्या वापरलेल्या कोळशाबद्दल निबंधांत शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य असते: ‘आम्लाने धुऊन पुन्हा वापरता येतो.’ येतो, पण आम्लात उतरलेले शिसे किंवा कॅडमियम आता एका बादलीत आहे, आणि ती बादली कुठे ओतायची हे तो परिच्छेद सांगत नाही. तो कोळसा चुलीत घालणे हा तर सर्वांत वाईट उपाय. पारा, कॅडमियम, आर्सेनिक आचेने उडतात आणि श्वासातून शरीरात जातात. कारखान्यातून निघालेला असा माल धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांखाली येऊ शकतो, आणि महाराष्ट्रात त्याची रवानगी तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या विल्हेवाट केंद्रांकडे व्हायला हवी. कारखान्याला हे जमते. गावाच्या पाणपोईवर बसवलेल्या गाळणीतला काळा थर बदलायला आलेल्या माणसाला कुणी काही सांगितलेले नसते. तो ओढ्याच्या काठी उकिरडा शोधतो.

आता लाकडाचा हिशेब. हेक्टरी २० टन म्हणजे एकरी ८ टन कोळसा. चांगल्या भट्टीत वाळलेल्या लाकडाच्या वजनाच्या २५ ते ३५ टक्के कोळसा पडतो. म्हणजे एका एकरासाठी सुमारे २३ ते ३२ टन वाळके लाकूड. मातीने लिंपलेल्या पारंपरिक भट्टीत उतारा याहूनही कमी, धूर आणि मिथेन मात्र भरपूर. रायगड-ठाण्यातली कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर उचल घेऊन अशा भट्ट्यांवर जातात, आणि त्या धुरात महिनोन्‌महिने राहतात. प्रदूषित शिवार साफ करण्यासाठी जंगल तोडायचे आणि कातकऱ्याच्या फुप्फुसात धूर भरायचा, असा हा व्यवहार होऊ नये असे वाटत असेल, तर कच्चा माल सालपटे, वखारींचा भुसा, फळबागांची छाटणी आणि माजलेली वेडी बाभूळ यांपुरताच ठेवायला हवा. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने तूर आणि कपाशीच्या पळ्हाट्यांसाठी ड्रमची साधी भट्टी विकसित केली आहे. शेतावरच्या वापरासाठी तीच दिशा बरी.

लाकूड टाकाऊ घ्यायचे तर त्यात एक सापळा आहे, आणि त्याची मुळे भारतातच आहेत. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३३ साली वाळवी आणि बुरशीपासून लाकूड वाचवणारे तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण शोधले. जगभर खांबांना, कुंपणांना, बांधकामाच्या लाकडाला ते दशकानुदशके लावले गेले. अमेरिकेत घरगुती वापरातून ते २००३ च्या अखेरीस हटवण्यात आले. भंगारात येणाऱ्या जुन्या लाकडात असे तुकडे मिसळलेले असतात. ते भट्टीत गेले की वजन घटल्यामुळे उरलेले धातू कोळशात आणखी दाट होतात, काही आर्सेनिक धुरावाटे बाहेर पडते, आणि आर्सेनिक काढण्यासाठी म्हणून आपण आर्सेनिकच टाकतो. युरोपातल्या बायोचार प्रमाणपत्रात २०१२ पासून धातू आणि डांबरी संयुगे या दोन्हींच्या मर्यादा आहेत. आपल्याकडे खरेदी करणाऱ्याने निदान हा अहवाल मागावा.

पैसा कुठून येतो, हेही शेवटी भट्टीची आच ठरवते. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने ‘वराह’ या भारतीय कंपनीशी बायोचारवर आधारित एक लाख टन कार्बन क्रेडिटचा करार जाहीर केला. या बाजारात कोळसा किती पक्का भाजला आहे, त्यात हायड्रोजन किती कमी उरला आहे, यावर भाव ठरतो, कारण तसाच कोळसा शतके टिकतो. साहजिकच भट्ट्या ५५०-६०० अंशांच्या पुढे चालवल्या जातील. शिसे आणि कॅडमियम अडकवणारे ऑक्सिजनचे गट त्या आचेला टिकत नाहीत. कार्बनसाठी पैसे देणारा ग्राहक उभा आहे. प्रदूषित शिवारासाठी, नाल्यासाठी पैसे देणारा अजून दिसत नाही. तेव्हा येत्या काही वर्षांत भारतात स्वस्त मिळेल तो जास्त आचेचा लाकडी कोळसाच, आणि धातूंच्या कामाला तो लावायचा तर लोखंडाचा, फॉस्फेटचा किंवा आम्लाने ऑक्सिडीकरणाचा आणखी एक टप्पा, त्याच्या खर्चासकट, आधीच धरून चालावे लागेल.